ढकलगाडीच्या तीन रेघा

गोल्फची बॅग खांद्यावर वाहायची की गाडीवर ढकलायची, यावर आम्ही दोघे बरीच वर्षे भांडलो. भांडण गमतीचे होते, पण त्याचा शेवट गमतीत झाला नाही. तो कसा झाला, हे खाणीच्या वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे असे सगळ्यांना वाटते. त्यांना जे माहीत आहे ते चुकीचे आहे. ते दुरुस्त करायचे म्हणून हे लिहितो.

भंडारा जिल्ह्यात गोल्फ म्हटले की नागपूरचे नातेवाईक हसत. धानाचा आणि तलावांचा मुलूख, त्यात हा खेळ कुठून आला, असे विचारत. आला तो मॅंगनीजच्या खाणीबरोबर. तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची खाण. खाणीचे नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. पूर्वीच्या कुठल्या तरी साहेबाने जुन्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यांमधली सपाट जागा धरून नऊ होलचे मैदान आखले होते. पाण्याची चणचण, त्यामुळे हिरवळ नाही. होलभोवती जिथे हिरवळ असायला हवी तिथे आमच्याकडे वाळूचे गोल होते. वाळूत वापरलेले इंजिन तेल कालवायचे आणि रोलर फिरवून ती घट्ट बसवायची. या गोलाला आम्ही ब्राउन म्हणत असू. ब्राउनवर चालताना पाय अलगद टाकायचे, खेळून झाले की लोखंडी नळीला बांधलेले गोणपाट ओढून पावले पुसायची आणि मगच पुढे जायचे, अशी रीत होती. पाहुणा असो की मॅनेजर, गोणपाट ज्याचे त्याने ओढायचे. क्लबमधली एवढीच एक गोष्ट मला खरोखर आवडायची.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरची ही वर्षे. जिल्ह्याचा आणि क्लबचा तसा संबंध नाही, पण त्याच सुमारास खाणीतल्या अधिकाऱ्यांच्या जागा कमी होत गेल्या, बंगले रिकामे पडले आणि क्लबमध्ये चौघे जमणेही कठीण झाले. तेव्हा कमिटीने सुपरवायझर लोकांनाही सभासद करून घ्यायचे ठरवले. मी सर्व्हे विभागात अधिकारी होतो आणि कमिटीवर होतो. ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता. हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगत असे. पुढच्या एका ठरावाच्या वेळी मी काय केले ते मात्र सांगत नसे.

नव्या सभासदांमध्ये ओव्हरमन होता. ओव्हरमन म्हणजे जमिनीखालच्या कामावर देखरेख करणारा. तो माझ्याच वयाचा, बपेऱ्याकडचा. माझे गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पवनी तालुक्यात अड्याळजवळ. आमच्या घरी शेती होती. त्याच्या घरच्यांनी आजोबांच्या वेळी बुद्धाची दीक्षा घेतली होती, आणि घरात पगाराची नोकरी करणारा तो पहिला. खाली खाणीत एका कामाच्या मोजणीवरून आमची ओळख झाली. तो मला भाऊ म्हणे, चिडवायचे असले की सर्वेअरसाहेब म्हणे. मी त्याला ओव्हरमनच म्हणत असे. गोल्फ त्याला मीच शिकवला. सहा महिन्यांत तो माझ्यापेक्षा सरळ मारू लागला.

खेळायला आलेल्या माणसाच्या बॅगेत दहा-बारा काठ्या असतात. ती बॅग नऊ होल फिरवायची तर आमच्याकडे दोनच वाटा होत्या. बरेच साहेब लोक जवळच्या गावातला माणूस कॅडी म्हणून घेत, तो बॅग वाहायचा. माझ्यासारखे दोघे-तिघे स्वतः खांद्यावर घेत. त्याचा मला अभिमान होता. बॅग अंगावर असली की खेळाडू जमिनीशी जोडलेला राहतो, चढ-उतार पायांना कळतो, असे माझे म्हणणे. सर्व्हेवाल्याचा खांदा आहे, मोजणीच्या दुर्बिणीच्या तिपाया वाहून घडलेला आहे, असेही मी म्हणायचो.

"तुही तिपाई कोण वाहाते गा?" त्याने एकदा सगळ्यांसमोर विचारले. "खलाशी वाहाते. तू तं नुसता डोळा लावते भिंगाले."

सगळे हसले. ते खरेच होते. सर्व्हेच्या मदतनिसाला खलाशी म्हणतात, आणि माझी तिपाई निम्मा जन्म तोच वाहत होता.

त्याने स्वतः यातली एकही वाट धरली नाही. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटले, "बॅग उचल, चल." त्याने बॅग उचलली, दोन होल खेळला आणि ती जमिनीवर ठेवली. "उद्या येतो," म्हणाला आणि निघून गेला. तो उद्या काही आला नाही, पंधरवड्याने आला, तेव्हा त्याच्याबरोबर गाडी होती.

गाडी त्याने स्वतः जोडली होती. मागे लहान मुलाच्या सायकलची दोन चाके, पुढे दवाखान्याच्या मोडक्या स्ट्रेचरचे एक रुंद रबरी चाक, मध्ये नळीचा सांगाडा, बॅग बांधायला कन्व्हेयर बेल्टचे पट्टे. धरायला सायकलचेच हॅंडल, त्याला घंटीही तशीच राहिली होती. क्लबच्या व्हरांड्यात ती उभी राहिली तेव्हा हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. कोणी म्हणाले, भाजी काय भाव. कोणी म्हणाले, कुल्फी हाय का. त्याने घंटी वाजवून दाखवली.

मी मात्र गाडीवरून त्याच्याशी मनापासून वाद घातला. "ढकलगाडी म्हाताऱ्यांसाठी," मी म्हटले. "चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला बॅग पेलत नाही?"

"पेलते ना. पेलते म्हणून वाहाची का?"

"मग कॅडी घे."

"मायावाल्या जागी दुसऱ्यानं वाहाची? वा रे वा."

हा वाद चालू असतानाच एका रविवारी त्याच्या क्वार्टरवर चहाला गेलो होतो. त्याची आई दारात बसून तांदूळ निवडत होती. ती म्हातारी उघड्या खाणीच्या काळात डोक्यावरून मॅंगनीजची टोपली वाहत होती. माल काळा आणि दिसतो त्यापेक्षा जड. तिच्या टाळूवर चुंबळ ठेवायच्या जागी केस राहिले नव्हते, तिथली कातडी गुळगुळीत होती. पदर सरकला की ते दिसे, आणि ती लगेच पदर ओढून घेई.

चहा पिऊन बाहेर आल्यावर तो म्हणाला, "भाऊ, मायनं मले नोकरी लागली त्या दिशी एकच गोष्ट सांगतली. वझं वाहू नको अन् कोनाले वाहाले लावू नको. म्हनून मी खालीबी टोपली उचलाले कोनाले मना करतो, ट्रॉली आन म्हनतो. आता तूच सांग, जे मी पोटासाठी नाही केलं ते खेळासाठी काहून करू?"

तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा ढकलगाडीवर काहीतरी बोललोच. सवय लागली होती, आणि तोही वाट पाहत असायचा.

गाडी तो फार जपून वापरायचा. ब्राउनवर चाक न्यायचे नाही हा नियम त्याच्या गाडीसाठीच केला होता, पण त्याला तो सांगावा लागला नाही. ब्राउनपासून चांगली पंचवीस पावले अलीकडे पळसाखाली नाहीतर दगडाच्या आडोशाला तो गाडी उभी करी आणि एकच काठी हातात घेऊन पुढे जाई. गोणपाट ओढायला तो सगळ्यांच्या आधी धावे. गाडी क्लबच्या व्हरांड्यातच राहायची. तिला कुलूप नव्हते. तिला हात लावेल असा माणूस क्लबमध्ये नव्हता, कारण ती हसण्याची वस्तू होती.

अशी काही वर्षे गेली. माझा उजवा खांदा मधल्या काळात दुखू लागला. आधी बॅग उतरवल्यावर दुखायचा, मग बॅग घेतल्यावर आणि पुढे शर्ट घालतानाही. डावा खांदा वापरून पाहिला, पण एकीकडे झुकल्याने कंबर धरली. हे मी कोणाला सांगितले नाही. कॅडी घेतला असता तर कोणी काही म्हटले नसते, पण ओव्हरमनने बरोबर ओळखले असते. आणि गाडी जोडून घेणे तर शक्यच नव्हते, इतके मी तिच्याविरुद्ध बोलून बसलो होतो. माणूस स्वतःच्या बोलण्यात असा अडकतो की त्याचे त्यालाच सुटता येत नाही. मी पाण्याची बाटली घेईनासा झालो, मग बॅगेतल्या निम्म्या काठ्या घरी ठेवू लागलो. तो म्हणायचा, "सर्वेअरसाहेब, बॅग लेय बारीक झाली बा तुही. आजारी हाय का?"

दर हिवाळ्यात क्लबचा एक सामना व्हायचा. नागपूरच्या ऑफिसातून मोठे साहेब यायचे, संध्याकाळी जेवण असायचे. त्या वर्षी आठवडाभर आधी सगळ्या ब्राउनवर नवे तेल घातले, वाळू चाळून घातली, रोलर फिरवला. सामन्याच्या दिवशी पहाटे मी एकटाच क्लबवर गेलो. मला खांदा किती चालतो ते पाहायचे होते, चार फटके मारून.

धुके दाट होते. आमच्याकडे त्या दिवसांत ढिगाऱ्यांमधल्या सखल जागेत धुके साचून राहते, चार-पाच पावलांपलीकडचे झुडूप दिसत नाही. व्हरांड्यात पोचलो, बॅग खांद्याला लावली आणि परत खाली ठेवली. बाजूला गाडी उभी होती. आजूबाजूला कोणी नव्हते आणि असते तरी धुक्यात कोणाला दिसलो नसतो. मी बॅग गाडीवर ठेवली आणि बेल्टचे पट्टे ओढले. घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर रुमाल बांधला.

गाडी उत्तम चालत होती, हे मला लिहून ठेवलेच पाहिजे. पहिल्या होलला मी चार फटके मारले ते कित्येक महिन्यांत मारले नव्हते इतके मोकळे होते. खांदा आहे हे विसरलो. दुसरा होल खेळलो. तिसऱ्याला पोचेपर्यंत मी जवळजवळ शीळ घालत होतो.

बॅग खांद्यावर घेऊन फिरणाऱ्याला ब्राउन पायाला कळते. कडक मुरमाची जमीन संपून बुटाखाली वाळू मऊ लागली की पुढचे पाऊल आपोआप थांबते. इतक्या वर्षांत मी ब्राउनची कड कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. गाडी ढकलताना मात्र चाक माणसाच्या पुढे असते. माझ्या पायाला वाळू लागली तेव्हा गाडी तिन्ही चाकांनी ब्राउनवर चढलेली होती. मी घाबरून ती मागे ओढली. त्यामुळे चाके तिरपी फिरली आणि ताज्या तेलाच्या, दवाने भिजलेल्या वाळूत आणखी रुतली. बाहेर आलो तेव्हा तीन रेघा उमटल्या होत्या, दोन बारीक आणि मध्ये एक रुंद.

बुटाने पुसायला गेलो तर जास्तच खराब झाले. गोणपाट सामन्यासाठी आवरून खोलीत बंद होते. सूर्य वर येऊ लागला होता. मी गाडी व्हरांड्यात आणून होती तशी लावली, चाके रुमालाने पुसली आणि बॅग घेऊन घरी गेलो. सामन्याआधी कोणी तरी पाहील आणि रोलर फिरवील, असे मी स्वतःला सांगितले. ब्राउन सांभाळणारा माणूस पहिल्या होलपाशी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडण्यात गुंतला. तिसऱ्याकडे कोणी गेले नाही.

नागपूरच्या साहेबांचा चेंडू तिसऱ्या ब्राउनवर सरळ होलकडे निघाला होता. तो रुंद रेघेत उतरला, रेघेबरोबर वळला आणि भलतीकडे जाऊन थांबला. साहेब हसले. "तुमच्याकडे रेल्वे लाइन पण आहे वाटतं," म्हणाले. आमचे मॅनेजर हसले नाहीत. ते खाली वाकून रेघा पाहत राहिले. ओव्हरमन त्यांच्या मागेच उभा होता. त्याने रेघा पाहिल्या, मग मान वळवून लांब पळसाखाली उभ्या केलेल्या आपल्या गाडीकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर फक्त नवल होते.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. त्याला बोलावले.

"तीन चाकांची गाडी या क्लबात एकच आहे," मॅनेजर म्हणाले.

"होय साहेब. गाडी मायीच हाय. पन मी नाही नेली."

"मग कोणी नेली?"

"मले काय मालूम जी. सकाळी मी आलोच नव्हतो."

स्टोअर्सचे साहेब म्हणाले, "गाडी एकटीच फिरायला गेली असंल. घंटी वाजवत." दोघे-तिघे हसले. मीही हसलो की नाही ते आठवत नाही. हसलो नसेन, पण इतरांपेक्षा वेगळा दिसलो नाही एवढे नक्की.

"मी ब्राउनवर चाक कधी नेलं हाय का, विचारा यायले," असे म्हणून त्याने माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "तसा तो काळजी घेतो."

एवढेच बोललो. वाक्य खरे होते. त्याचा अर्थ त्या खोलीत असा झाला की या वेळी घेतली नसावी. तो अर्थ मी तसाच राहू दिला.

मॅनेजर त्याचे सभासदत्व रद्द करायच्या गोष्टी बोलू लागले. सुपरवायझरांना घेतले तेव्हाच मी म्हणालो होतो, असे आणखी कोणी पुटपुटले. तेव्हा मी पुढे झालो. म्हणालो, माणसाला काही करू नका, ढकलगाडीवर बंदी घाला, प्रश्न मिटला. हे सर्वांना पटले. मॅनेजर म्हणाले, समंजस सूचना आहे. हात वर झाले, त्यात माझा सर्वांत आधी. मी त्याला वाचवतो आहे असे त्या क्षणी मला वाटत होते आणि नंतरही पुष्कळ दिवस मी तेच धरून बसलो. पण बंदी घातल्यावर त्याला उरत काय होते? एक तर ओझे वाहायचे, नाही तर दुसऱ्याला वाहायला लावायचे. तो यातले काहीही करणार नाही आणि का करणार नाही, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होते.

मॅनेजर त्याला म्हणाले, "तुम्ही खेळा. क्लबतर्फे कॅडी देऊ."

"नाही जी. आभारी हाय," तो म्हणाला.

त्याच दुपारी तो बॅग गाडीवर बांधून, गाडी ढकलत वसाहतीच्या मुख्य रस्त्याने घरी गेला. मी माझ्या व्हरांड्यातून पाहिले. घंटीला रुमालाच्या गाठीचा एक धागा अडकून राहिला असेल का, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता.

तो परत मैदानावर आला नाही. कामावर आम्ही भेटत असू, आणि तो पूर्वीसारखाच बोलायचा, पण रविवारचा वाद संपल्याने बोलण्यासारखे फारसे उरले नव्हते. वसाहतीत गोष्ट मात्र वाढत गेली. आधी होते, ओव्हरमनच्या गाडीने ब्राउन खराब झाले. मग झाले, ओव्हरमनने हलगर्जीपणा केला आणि वर नाकारले. शेवटी झाले, ओव्हरमनने साहेबांवरच्या रागातून मुद्दाम ब्राउन नांगरले. पुढे कोणी सुपरवायझर सभासदत्व मागायला आला की ही गोष्ट सांगितली जाई, आणि अर्ज मागे पडत असे. मी कमिटीवर आणखी बराच काळ होतो. खांद्यामुळे माझे खेळणे पुढच्या हिवाळ्याच्या आतच बंद झाले. आम्ही दोघे निवृत्त झालो, तो बपेऱ्याला गेला, मी भंडाऱ्यात घर बांधले. क्लब केव्हाच बंद पडला. मध्यंतरी कोणी फोटो पाठवला, ब्राउनच्या जागी तरोटा माजला आहे आणि गुरे चरत आहेत.

मागच्या हिवाळ्यात तुमसरला जुन्या कर्मचाऱ्यांचा मेळावा होता. जेवणाच्या पंगतीत एक जण, जो त्या वेळी वसाहतीत राहतही नव्हता, तीन चाकांच्या ओव्हरमनची गोष्ट सांगत होता. घंटीसकट सांगत होता. लोक हसत होते. मला म्हणाला, "साहेब, तुमी तं होते ना तेव्हा? खरं हाय का नाही?" मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे," आणि ताक मागितले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी बपेऱ्याची एसटी धरली.

त्याचे घर रस्त्यापासून आत आहे, विटांचे, पुढे मोठे अंगण. अंगणात गाडी होती. मागची सायकलची चाके तीच, पुढचे बदललेले. सांगाड्यावर पाण्याचा ड्रम ठेवला होता. तो बाजेवर बसून होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"सर्वेअरसाहेब! बॅग कुठी हाय?"

त्याची बायको चहा घेऊन आली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. इकडचे तिकडचे झाले. आई जाऊन बारा-तेरा वर्षे झाली, म्हणाला. मग मी सांगितले. धुक्यापासून सुरुवात केली आणि कमिटीपर्यंत सगळे सांगितले, मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढचे राहिले असते.

आधी बोलली ती त्याची बायको.

"तुमी होय का ते?" ती म्हणाली. "बुढीनं बी विचारलं होतं यायले. म्हने, बापू, तू केलं का? हे म्हनले, नाही माय. बुढी म्हने, मंग लोक काहून म्हनतेत? हे ताटावरून उठून गेले. आमच्या घरात ताटावरून कोनी उठत नाही जी."

ती उठून आत गेली.

मग तो म्हणाला, "मले काहून सांगून राहिला भाऊ तू?"

"तुला सांगायला हवं होतं. तेव्हाच."

"मले तं मालूमच होतं का मी नाही केलं. मले सांगून काय फायदा? ज्यायले मालूम नाही त्यायले सांग."

"त्यांतले बरेच गेले."

"जेवढे हायेत तेवढ्यायले सांग. तुमसरच्या पंगतीत होते का नाही चार लोक?" म्हणजे ती गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. मी तिथे होतो हेही पोचले होते.

मी हो म्हणालो. मग आम्ही बराच वेळ धानावर बोललो, यंदा चिन्नोर कोणाकोणाचा झाला, कोणाचा पडला. निघायला उठलो तसा त्याने आतून तांदळाचा कट्टा, छोटे पोते, आणवला. मी नको म्हटले, मला उचलवणार नाही, खांदा तसाच आहे.

"उचल कोन म्हनते तुले?" तो म्हणाला. त्याने ड्रम खाली उतरवायला लावला आणि कट्टा गाडीवर ठेवला. "ढकलत ने. यावेळी मले विचारून ने. अन् रुमाल नको बांधू घंटीले."

रुमालाचे मी नुकतेच सांगितले होते. त्याच्या लक्षात राहिले ते तेवढेच, की त्याने तेवढेच उचलून धरले, ते मला कळले नाही.

गाडी मी ढकलली. तो काठी टेकत बाजूने चालला. वाटेत उतार होता, खडी होती, एके ठिकाणी नालीवर फरशी टाकलेली होती. त्याने कुठेही हात लावला नाही आणि मीही मागितला नाही. गावातले लोक दारातून पाहत होते. शहरी कपड्यांतला म्हातारा घंटीची गाडी ढकलतो आहे आणि गाडीचा मालक रिकाम्या हाताने चालतो आहे.

एसटी थांब्यावर चहाची टपरी आहे. तिथे पाच-सहा जण बसले होते. एकाने विचारले, "काय जी आबा, पाहुण्यायले कामाले लावलं?"

तो म्हणाला, "त्यायलेच विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ही गाडी मी पूर्वी एकदा यांना न विचारता नेली होती."

"मंग काय झालं?"

तेवढ्यात तुमसरची एसटी आली. कंडक्टरने दार उघडून कट्टा कुठे ठेवायचा ते विचारले. मी त्याला म्हणालो, तुम्ही निघा, मी पुढच्या गाडीने येतो. एसटी गेल्यावर मी बाकावर बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली, ब्राउन म्हणजे काय इथपासून. धुके सांगितले, रेघा सांगितल्या, नागपूरच्या साहेबांचा चेंडू सांगितला. चेंडू वळला तेव्हा टपरीवरची मंडळी हसली. मीही थोडा हसलो, आणि तिथेच थांबावे असे मला वाटले.

तो बशीत चहा ओतत होता. वर न पाहता म्हणाला, "आता कमिटीचं सांग."